कुत्र्याचं बिघडलेलं पोट आणि आपली पेज

मंडळी, कुत्र्याला उलट्या-जुलाब लागले की आपल्याकडे सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. "काहीतरी खाल्लंन असेल, जाईल आपोआप," म्हणून त्याला मागीलदारी बांधून ठेवतात, नाहीतर सहाणेवर जायफळ उगाळून चाटवतात. आज मला या दोहोंच्या मधली वाट सांगायची आहे. ती म्हणजे पोटाला थोडी विश्रांती, आधी पाणी आणि मग साधं अन्न थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं कोकणातल्या स्वयंपाकघरात असतं. फक्त फोडणीच्या आधीचं घ्यायचं, नंतरचं नाही.

जायफळाचं आधी सांगतो. त्यात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. ते जास्त पोटात गेलं तर कुत्र्याची छाती धडधडते, तोल जातो, भास झाल्यासारखा तो उगाच भिंतीकडे बघून दचकतो. चाटवलेल्या एका बोटाने सहसा काही होत नाही. पण दिवसातून चार वेळा, घरातल्या तीन माणसांनी, एकमेकांना न सांगता उगाळून दिलं की किती गेलं याचा हिशोब कोणाकडेच राहत नाही. म्हणून ते देऊच नये.

आता पहिलं काम बघण्याचं. कुत्र्याचा वरचा ओठ उचला आणि हिरडीवर बोट दाबून सोडा. दाबलेली जागा पांढरी होते आणि 2 सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी बोटाला चिकट लागली, फिकट दिसली किंवा रंग परतायला वेळ लागला तर अंगातलं पाणी कमी झालं आहे. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे खालच्या पापणीची आतली बाजू बघावी. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडायची पद्धतही आहे, पण म्हाताऱ्या कुत्र्याची कातडी एरवीही सैल असते, त्यामुळे ती फसवते. जमलं तर गुदद्वारातून ताप मोजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपला 98.6 चा आकडा त्याला लावला तर निरोगी कुत्राही तापलेला वाटेल. 103 च्या वर किंवा 99 च्या खाली गेलं तर घरगुती उपाय थांबवायचे.

जुलाबही नीट बघावा लागतो, किळस न करता. थोडी थोडी शी, वरचेवर, कुंथत, शेंबडासारखी आव आणि एखादी ताज्या रक्ताची रेघ, हे मोठ्या आतड्याचं दुखणं. कुत्रा हुशारीत असेल तर ते बऱ्याचदा घरी निवळतं. एका वेळी भरपूर पाण्यासारखं होत असेल तर बिघाड लहान आतड्यात असतो आणि पाणी झपाट्याने जातं. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे वर कुठेतरी रक्तस्राव होऊन ते रक्त पचून खाली आलेलं. ते घरी ठेवायचं दुखणं नाही.

घरी ठेवायची नाहीत अशी आणखी काही आहेत. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, लस न झालेलं, मलूल, आणि रक्ताचे दुर्गंधी जुलाब असले तर पार्व्हो समजून चालावं. 1978 च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला आणि पिल्लांना तो आजही एक-दोन दिवसांत संपवतो. पोट ढोलासारखं फुगलं आहे, कुत्रा ओकायला बघतो पण काहीच बाहेर पडत नाही, तेव्हा जठराला पीळ पडलेला असू शकतो. तिथे हिशोब तासांचा असतो. पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर धरून कुत्रा तसाच राहत असेल तर पोटात तीव्र दुखतंय. घोटभर पाणीही टिकत नाही, उलट्या 24 तासांत किंवा जुलाब 48 तासांत थांबत नाहीत, किंवा कुत्रा गाभण, मधुमेही, फार म्हातारा आहे, तर थेट दवाखाना गाठावा.

राहिला तो साधा बिघाड. खळ्यात शेपूट हलवणारा, पण दोनदा ओकलेला आणि तीनदा बाहेर गेलेला मोठा कुत्रा. त्याला उलट्या होत असतील तर 8 ते 12 तास खायला देऊ नका. नुसते जुलाब आहेत आणि भूक आहे, तर उपाशी ठेवायची गरज नाही. आतड्याचं आतलं अस्तर आपलं बरंचसं पोषण समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतं, त्यामुळे थोडं साधं अन्न मिळालं की ते लवकर भरून येतं. पिल्लांना आणि अगदी लहान जातीच्या कुत्र्यांना तर उपास घडवूच नये. त्यांची साखर उतरते आणि ती थरथरायला लागतात.

पाण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. ओकलेला कुत्रा तहानलेला असतो. समोर भरलेलं भांडं दिसलं की तो लपालपा सगळं पितो, ताणलेलं जठर ते परत फेकतं, आणि त्याबरोबर आणखी क्षार जातात. घरच्यांना वाटतं, पाणीसुद्धा टिकत नाही. खरं तर एकदम दिलेलं टिकत नाही. शेवटच्या उलटीनंतर तास-दीड तास थांबा. मग 10 किलोच्या कुत्र्याला दर 15-20 मिनिटांनी चहाचे दोन-तीन चमचे पाणी बशीत घाला. दोन तास टिकलं तर दुप्पट करा. निरोगी 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाकाठी साधारण 500 ते 600 मिलिलिटर पाणी लागतं. जुलाबात जातं ते वेगळं.

साधं ओआरएस चालतं. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घाला. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं की ते फार दाट होतं, आतड्यात उलट पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. केलेलं द्रावण 24 तासांनी टाकून द्यावं. स्वाद घातलेल्या तयार पेयांच्या वाटेला जाऊ नका. एखाद्यात झायलिटॉल हे गोडवा आणणारं द्रव्य असलं तर कुत्र्याची साखर धाडकन खाली येते, यकृतालाही इजा होते. शहाळ्याचं पाणी चांगलं आहे, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं, आणि जुलाबात सोडियमही जातं. म्हणून चार चमचे चवीला ठीक, ओआरएसच्या जागी नको. कुत्रा पीत नसेल तर तोंड वर करून ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. त्यापेक्षा त्यात पेजेचं निवळ मिसळून बघा.

आता पेज. उकड्या तांदळाची पेज आपल्या जिभेला सवयीची आहे, पण आजारी कुत्र्यासाठी सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ बरा. उकडा तांदूळ दाणा धरून ठेवतो आणि सावकाश पचतो. एक वाटी तांदूळ दोनदा धुवा, पाच वाट्या पाणी घाला, मीठ नाही. कुकरला पाच शिट्ट्या किंवा टोपात अर्धा-पाऊण तास. दाणा दोन बोटांत धरून दाबला की मध्ये कणी लागता कामा नये. त्याची खीर व्हायला हवी. वरचं पांढरं निवळ वेगळं काढून कोमट ठेवा. पहिला घास म्हणून तेच द्यायचं, दोन-तीन चमचे, आणि तासभर वाट बघायची. टिकलं की मऊ भात.

भाताबरोबर कोंबडीच्या छातीचं मांस. कातडी आणि पिवळी चरबी काढून नुसत्या पाण्यात 20-25 मिनिटं उकडा आणि हाताने तंतू सोडवा. बोटांना हाड लागतं, सुरीला लागत नाही. रस्सा गार झाला की वर तवंग येतो, तो काढून टाका आणि खालचं पाणी भातात कालवा. 10 किलोच्या कुत्र्याच्या दिवसभराच्या किमान गरजेला अर्धी वाटी कच्चा तांदूळ, म्हणजे 70-75 ग्रॅम, आणि 100 ग्रॅम उकडलेलं मांस पुरतं. कुत्रा 20 किलोचा असेल तर हे प्रमाण दुप्पट न करता साधारण पावणेदोनपट करायचं, कारण वजनाच्या प्रमाणात गरज वाढत नाही. पहिल्या दिवशी याच्या तिसरा हिस्सा ते निम्मं, तेही पाच-सहा वेळा वाटून. वाटी चाटूनपुसून तो तुमच्याकडे बघेल, तेव्हा हात आखडता ठेवा.

मांस शिजत नाही अशा घरात मुगाची डाळ आणि भात एकत्र अगदी मऊ करावा, हळद-हिंगाशिवाय. अंडं चालत असेल तर उकडून नुसतं पांढरं. मासा द्यायचाच तर मुडदुशीसारखा हलका, उकडून, काटा न काटा चाचपून. बांगडा, तारली नकोत. त्यांचं तेल बिघडलेल्या पोटाला झेपत नाही. खोबरंही त्याच कारणाने नको. चरबीचा मारा झाला की स्वादुपिंडाला सूज येते आणि साध्या जुलाबाचं आठवड्याचं दुखणं होतं. गणपतीतल्या करंज्या, पितृपक्षात पानावरचे वडे आणि मनुका घातलेली खीर, यानंतरच्या आठवड्यात कुत्रे आजारी पडतात ते याच वाटेने. मनुका तर मूत्रपिंडाला घातक, त्या चुकूनही नकोत.

आमटीचं पाणी भातावर घालायची सवय मोडा. कांदा-लसूण, शिजवलेला असला तरी, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. हिरडी फिकट होते, लघवी गडद होते, आणि तोवर आमटी कोणाच्या लक्षातही नसते. सोलकढीत लसूण, मिरची आणि नारळाचं दूध असतं, म्हणून तीही नको.

वर द्यायच्या गोष्टींत लाल भोपळा मला सगळ्यात आवडतो. साल काढून उकडून कुस्करलेला, 10 किलोला दिवसाला पोह्याचे एक-दोन चमचे. त्याचा विरघळणारा चोथा सैल शी बांधतो. इसबगोल लहान कुत्र्याला अर्धा चहाचा चमचा, मोठ्याला एक, पण भरपूर पाण्यात भिजवून. कोरडं दिलं तर घशात फुगतं. चमचाभर ताजं, गोड दही उलट्या थांबल्यावर, आणि ते सोसतं का ते बघूनच.

शी दोन दिवस बांधलेली आली की नेहमीचं अन्न पाव हिस्सा मिसळा, मग निम्मं, मग पाऊण. चार दिवसांत पूर्ववत. घाई केली की जुलाब उलटतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जुलाब थांबल्यावर एक-दोन दिवस शी होतच नाही. भात जवळजवळ पूर्ण पचतो आणि आतडं रिकामं असतं. त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजणारे आहेत. कृपा करून पाजू नका. आणि भात-कोंबडी हे पूर्ण अन्न नाही. आठवड्याच्या पुढे त्यावर ठेवू नये.

माणसांच्या गोळ्यांपैकी आपण होऊन एकही देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याला मारू शकतात. जुलाब बंद करणारी लोपेरामाइड संसर्गात घाण आत कोंडते, आणि कोलीसारख्या मेंढपाळ जातींच्या मेंदूपर्यंत पोचते. विष खाल्लंय असं वाटून मिठाचं पाणी पाजून ओकवणं तर फार धोक्याचं, कारण मिठाचीच विषबाधा होते.

आपल्या किनाऱ्याच्या काही खास गोष्टी आहेत, त्या पेजेने बऱ्या होत नाहीत. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढल्यावर वाळूत टाकलेला केंड मासा बघा. फुगतो तोच. त्याचं विष शिजवूनही जात नाही आणि त्यावर उतारा नाही. कुत्रा लाळ गाळतो, ओकतो, मग पाय लटपटतात आणि श्वास अडतो. त्याला ताबडतोब न्यावं लागतं. पावसाआधी सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातला मोरचूद चाटला तर उलटी निळसर-हिरवी येते. ओल्या काजूच्या टरफलातलं तेल तोंड आणि पोट भाजतं. आंब्याचा बाठा आणि फणसाच्या आठळ्या आतड्यात अडकतात. उलट्या सुरू, शी बंद आणि मे महिना, एवढं जुळलं तर पोटाचा एक्स-रे काढून घ्या. शेतात पाणी साचलेल्या दिवसांत ताप, उलट्या आणि पिवळे डोळे दिसले तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा जंतूंचा ताप) असू शकतो. तो माणसालाही होतो, म्हणून लघवी-ओकारी हातमोज्यांशिवाय पुसू नका.

गळाचं जरा थांबून सांगतो. आमिषासकट गळ गिळलेल्या कुत्र्याच्या तोंडातून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, लोंबत असतो, आणि बघणाऱ्याचा हात आपोआप तो ओढायला जातो. ओढू नका. गळ अन्ननलिकेत रुतलेला असतो, ओढला की फाडत येतो. तंगूस आत लांबवर गेला असेल तर नाडी ओढलेल्या पायजम्यासारखं आतडं त्याच्यावर चुणतं, आणि दोरा प्रत्येक चुणीला आतून कापत जातो. तंगूस कापून आत सोडूही नका, नाहीतर टोक सापडत नाही. बाहेरचं टोक गळपट्ट्याला सैलसं बांधा, खायला-प्यायला काही देऊ नका, आणि तसंच दवाखान्यात न्या.

जुलाब महिन्या-दोन महिन्यांनी परतत असतील तर पेज कितीही मऊ केली तरी उपयोग नाही, शी तपासून घ्या. आपल्या ओल्या, उबदार रेताड मातीत आकडेकृमी चांगले तगतात. ते आतड्याला चिकटून रक्त पितात, शी काळपट सैल होते आणि हिरडी पांढुरकी पडते. नमुना सकाळच्या ताज्या शीचा, सुपारीएवढा, माती न लागलेल्या वरच्या भागातला घ्या. झाकणाच्या कोरड्या डबीत दोन तासांच्या आत पोचवा. डबीवर वेळ लिहा, आणि त्या आठवड्यात कुत्र्याने काय काय खाल्लं ते कागदावर लिहून बरोबर न्या.