बारा सामने, दहा गुण

(दृश्य : गोव्यातल्या फातोर्ड्याचं रिकामं स्टेडियम. दिवे एकेक करून लागत आहेत.)

३१ डिसेंबर २०२२. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा अर्ध्याहून थोडा अधिक हंगाम सरला आहे. अकरा संघ, प्रत्येकाचे वीस सामने. पहिल्या सहांना प्लेऑफचं, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या फेऱ्यांचं दार उघडं. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत जाणार, तिसरा ते सहावा आधी एका सामन्याची बाद फेरी खेळणार.

त्या रात्रीचा गुणतक्ता नीट बघा. मुंबई सिटी अजून एकदाही हरलेली नाही. एफसी गोवा पहिल्या सहांत आहे. आणि बरंच खाली आहे बेंगळुरू एफसी. बारा सामने, तीन विजय, एक बरोबरी, आठ पराभव. एकूण गुण दहा.

आपल्यापैकी बहुतेकांनी त्या रात्री बेंगळुरूवर काट मारली असती. मीही मारली असती.

(दृश्य : कागदावर पेन्सिलीने मांडलेली आकडेमोड.)

हंगामाच्या मध्यावर अंदाज बांधताना गुणतक्त्यातला क्रमांक फार फसवा असतो. कुणाचे सामने जास्त झालेले असतात, कुणाचे कमी. म्हणून आधी सामन्यामागे किती गुण मिळाले ते काढायचं. सहाव्या जागेसाठी साधारण दीड गुणाची गती लागते. २०२२-२३ मध्ये सहाव्या ओडिशाचे वीस सामन्यांत ३० गुण झाले. २०२४-२५ मध्ये चोवीस सामने होते आणि सहाव्या मुंबईचे ३६ झाले. हिशोब तोच. अर्थात दर वर्षी असं होत नाही. मधल्या हंगामात बावीस सामन्यांत २७ गुण घेऊन चेन्नईयिन आत शिरला होता.

आता बेंगळुरूचं गणित मांडू. उरले आठ सामने, म्हणजे जास्तीत जास्त २४ गुण. तीस गाठायचे तर त्यातले वीस हवेत. बारा सामन्यांत तीनदाच जिंकलेल्या संघाकडून आठांत सहा विजय आणि दोन बरोबऱ्या मागायच्या. कागद तर ‘नाही’ म्हणत होता.

पण त्याच कागदावर आणखी एक गोष्ट होती. बेंगळुरूचे बहुतेक पराभव एकाच गोलाने झालेले होते. संघ हरत होता, पण चिरडला जात नव्हता. तीन-चार गोलांनी मार खाणारा संघ आणि एका गोलाने निसटणारा संघ, दोघांनाही गुण शून्यच. तक्ता त्यांच्यात फरक करत नाही. तो आपण करायचा असतो, आणि माझ्या मते मध्यावरच्या अंदाजाचा जीव तिथेच आहे.

(दृश्य : बेंगळुरू, कांतीरवा स्टेडियम.)

जानेवारीत गाडी रुळावर आली. नॉर्थईस्ट, ओडिशा, जमशेदपूर, चेन्नईयिन. पुढे मोहन बागान, मग केरळ. सुनील छेत्री आणि रॉय कृष्णासारख्या मुरलेल्या खेळाडूंच्या जोडीला शिवशक्ती नारायणन हा तरुण आघाडीपटू गोल करू लागला. १५ फेब्रुवारीला बेंगळुरूने मुंबईला २-१ ने हरवलं. अठरा सामने अजिंक्य राहिलेल्या मुंबईचा हा हंगामातला पहिला पराभव.

(दृश्य : पुन्हा फातोर्डा. गोव्याचे केशरी झेंडे.)

आणि गोवा? हे सांगताना जीव तुटतो. ११ फेब्रुवारीला याच मैदानावर मुंबईने गोव्याला ५-३ ने हरवून लीग शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात अव्वल येणाऱ्याचा मान, निश्चित केलं. शेवटच्या सामन्यापूर्वी गोव्याचे गुण २७, सहाव्या ओडिशाचे ३०. जिंकण्यावाचून मार्ग नव्हता, आणि सामना होता बेंगळुरूच्या घरी. २३ फेब्रुवारी. बेंगळुरू ३, गोवा १. वर्षअखेरीला सहांत असलेला संघ सातवा आला.

उरलेले सामने कुणाशी आणि कुठे, हे म्हणूनच बघायचं. डिसेंबरात गोव्याच्या वेळापत्रकातला तो शेवटचा सामना कुणाला भीतीदायक वाटला असेल?

बेंगळुरूने आठपैकी आठ सामने जिंकले. चोवीसपैकी चोवीस गुण. मिळण्याजोगा एकही गुण सोडला नाही. ३४ गुणांवर चौथा क्रमांक.

याआधीही असं काहीसं घडलं होतं. २०२०-२१ चा अख्खा हंगाम कोविडमुळे गोव्यातच, बंद दाराआड झाला. अकरा सामन्यांत बारा गुण झाल्यावर नॉर्थईस्ट युनायटेडने प्रशिक्षक बदलला आणि सूत्रं खालिद जमील यांच्याकडे दिली. खालिद म्हणजे मुंबईच्या फुटबॉलमधला ओळखीचा माणूस, महिंद्र युनायटेडचा माजी खेळाडू आणि मुंबई एफसीचा अनेक वर्षांचा प्रशिक्षक. उरलेल्या नऊ लीग सामन्यांत संघ एकदाही हरला नाही. २७ पैकी २१ गुण आणि थेट तिसरा क्रमांक. मध्यावर प्रशिक्षक बदलला की मागची सरासरी जवळजवळ निरुपयोगी होते, हे मी तिथे शिकलो.

(दृश्य : अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना.)

२०२३ च्या बाद फेरीत छेत्रीच्या झटपट फ्री किकवर गोल झाला आणि त्याच्या निषेधात केरळचा संघ मैदान सोडून गेला. उपांत्य फेरीत समोर मुंबई, लीगमध्ये ४६ गुण मिळवून अव्वल ठरलेली. अंधेरीत बेंगळुरू १-० ने जिंकला, परतीच्या सामन्यात मुंबई २-१ ने. एकूण बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये बेंगळुरूने ९-८ ने बाजी मारली. मुंबईच्या माणसाला आजही तो आकडा टोचतो.

१८ मार्च २०२३. अंतिम सामना फातोर्ड्यात, गोव्याच्या घरात, गोव्याशिवाय. मोहन बागान आणि बेंगळुरू. २-२. पुन्हा पेनल्टी. या वेळी ४-३, पण मोहन बागानच्या बाजूने.

(दृश्य : मैदानातले दिवे विझतात. पडद्यावर ३१ डिसेंबरचा गुणतक्ता.)