नऊशे सात सामने

नमस्कार श्रोतेहो.

आज एका आइस हॉकीपटूची गोष्ट सांगायची आहे. हा गोल मारणारा नव्हे, गोल वाचवण्यासाठी अंग आडवं घालणारा बचावपटू. नाव रॉन हेन्सी, अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा. या खेळात चेंडू नसतो, पक असतो. टणक रबराची चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे पायावर पडला तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच. इथे तीच गोठलेली चकती सुसाट येते आणि बचावपटू तिच्यासमोर उभा राहतो.

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची मोठी लीग. तिथल्या मॉन्ट्रियल संघाने २००० साली नव्या खेळाडूंच्या निवडीत हेन्सीला तेराव्या क्रमांकावर निवडलं. २००५ मध्ये त्यांनी त्याला मोकळं केलं. मग कोलंबस, मग अटलांटा. २०११ मध्ये अटलांटाचा अख्खा संघच कॅनडात विनिपेगला हलला, त्याबरोबर हाही गेला. मग कॅरोलिना. तेव्हा हंगामाला साधारण ८२ सामने असत, आणि त्यातून वरचे सोळा संघ बाद फेरीत जात. हेन्सीला मात्र बाद फेरी खेळायला मिळालीच नाही. असे किती सामने झाले? ९०७. पुन्हा सांगतो, नऊशे सात सामने, आणि बाद फेरीचा एकही नाही. एनएचएलमध्ये इतकी वाट कुणीच पाहिली नव्हती.

हल्ली लोक सामन्यातले नुसते गोल तेवढे बघतात. मला ते पटत नाही. त्यात बचावपटू दिसतो तो फक्त चुकल्यावर. म्हणूनच मला रेडिओवरचं समालोचन प्रिय आहे, त्यात अडवलेला फटकाही ऐकू येतो. असो.

फेब्रुवारी २०१७. पिट्सबर्गला बचावपटूंची चणचण होती, त्यांनी हेन्सीला घेतलं. एप्रिलमध्ये त्यांचा मुख्य बचावपटू क्रिस लेटँग मानेच्या शस्त्रक्रियेमुळे हंगामातूनच बाहेर गेला. हेन्सीच्या खांद्यावरचा भार आणखी वाढला. १२ एप्रिलला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो पहिल्यांदा बाद फेरीत उतरला. समोर कोण? कोलंबस, त्याचाच जुना संघ!

दोन महिने एकामागून एक फेरी. ११ जूनला नॅशव्हिलमध्ये अंतिम फेरीचा सहावा सामना. शेवटची ९५ सेकंदं उरली तरी गोलफलक कोरा. तेवढ्यात पिट्सबर्गच्या हॉर्नक्विस्टने गोल केला, पाठोपाठ दुसरा झाला, आणि २-० जिंकून पिट्सबर्ग विजेतं ठरलं.

आता रिवाज ऐका. स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल विजेत्यांचा करंडक, आधी कर्णधाराच्या हाती येतो. मग तो कुणाला द्यायचा, हे कर्णधार ठरवतो. कर्णधार सिडनी क्रॉस्बी, या खेळातला केवढा मोठा खेळाडू! संघात त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं खेळलेले सवंगडी होते. त्यांच्यापैकी कुणाला दिला असता तरी कुणी काही बोललं नसतं. क्रॉस्बीने कप दिला तो साडेतीन महिन्यांपूर्वी आलेल्या हेन्सीला. सगळ्यांत आधी हेन्सीला. साडेपंधरा किलोंचा तो कप हेन्सीने डोक्यावर धरला.

नऊशे सात सामने थांबलेल्या माणसाने.

नमस्कार.