'बनगरवाडी' वाचता वाचता शब्द कसे शिकवायचे?

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ मराठीच्या शिक्षकांसाठी आहे, आणि पोरांनी मराठी पुस्तक हातात धरावं म्हणून घरी धडपडणाऱ्या आईवडिलांसाठीही. कादंबरी वाचून घेताना मुलांची शब्दसंपत्ती वाढवायची कशी, एवढंच बोलणार आहे.

आपली रूढ पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. धड्याच्या आधी फळ्यावर शब्दार्थ. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मध्ये बरोबरचं चिन्ह. मुलं ते वहीत उतरवतात, चाचणीत पाचपैकी पाच आणतात आणि पुढच्या आठवड्यात त्यातला एकही शब्द कुणाच्या तोंडी नसतो. दोन पानांच्या धड्याला हे कसंबसं चालून जातं. कादंबरीला हाच कारभार लावलात तर पहिल्या प्रकरणातच मुलं पुस्तक मिटतात.

(पुस्तक कॅमेऱ्यासमोर)

उदाहरणाला मी 'बनगरवाडी' घेतलीय. व्यंकटेश माडगूळकर, 1955. औंध संस्थानातली धनगरांची एक वाडी, तिथे नेमणूक होऊन आलेला पोरसवदा मास्तर, आणि मेंढरांमागं जाणारी पोरं शाळेत आणायची कशी हा त्याच्यापुढचा पेच. आठवी-नववीला मी हीच सुचवतो, कारण एक तर पुस्तक लहानसं आहे. शिवाय माडगूळकरांची वाक्यं आखूड, सरळ असतात. अलंकारांची गर्दी नाही. त्यामुळे अनोळखी शब्द आला तरी बाकीचं वाक्य मुलाला सांभाळून घेतं. पल्लेदार ऐतिहासिक कादंबरीत तसं होत नाही. तिथे एक शब्द अडला की अर्धं पान अडतं.

हे सांभाळून घेणं कुठवर चालतं? इंग्रजी शिकणाऱ्यांबाबत यावर अभ्यास झालाय. पॉल नेशन हे न्यूझीलंडचे शब्दसंपत्तीचे अभ्यासक. 2000 साली त्यांनी आणि संशोधक हू यांनी दाखवलं की गोष्टीतले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असतील, तर बहुतेक वाचकांना ती कुणाच्या मदतीशिवाय नीट समजते. म्हणजे अडीचशे शब्दांच्या पानात अनोळखी शब्द पाच. मराठीला हा आकडा जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडे शब्दाला प्रत्यय चिकटतात, त्यामुळे एक शब्द कशाला म्हणायचं इथूनच वाद सुरू होईल. पण अंदाज घ्यायला तो चांगला आहे. मुलाला कुठलंही एक पान मनात वाचायला द्या आणि अडेल त्या शब्दाखाली पेन्सिलीनं टिंब द्यायला सांगा. पाच-सहा टिंबं असतील तर पुस्तक त्याच्या हाती सोपवा. पंधरा-वीस असतील तर तुम्ही मोठ्यानं वाचा आणि त्याला ऐकू द्या. 'त्याला झेपणार नाही' म्हणून पुस्तक कपाटात परत ठेवण्याची घाई आपण फार करतो.

बरं, टिंब पडलं तो प्रत्येक शब्द शिकवायचा का? अजिबात नाही! खरी मेख इथेच आहे. एका प्रकरणामागं पाच-सहा शब्द पुरे, पण ते कुठले, हे ठरवताना शिक्षकाचा कस लागतो.

या कादंबरीच्या जगातल्या वस्तू घ्या. घोंगडं, औत, जू. यांच्यासाठी व्याख्या सांगत बसू नका, फोटो दाखवा आणि पुढे चला. फोटोनंही जे होत नाही ते कधीकधी गोष्टच करते. वाडीतल्या शेकूचा प्रसंग आठवा. औताला बैलांची जोडी लागते, आणि शेकूकडे जोडी पुरी नाही. तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी स्वतः जुवाखाली खांदा देते. हा प्रसंग वाचल्यावर 'जू' कशाला म्हणतात हे कुणाला सांगावं लागत नाही. आणि त्याच बैठकीत विचारा, 'कामाला जुंपलं' असं आपण म्हणतो, ते कुठून आलं? वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी हळूच म्हणतं, 'म्हणजे बैलासारखं?' झालं, पुढचं काही बोलू नका.

दुसरी गोष्ट बोलीची. संवादात माणदेशी बोली आहे. मुलं सुरुवातीला यावर टिंबांचा पाऊस पाडतात, पण यातले पुष्कळ शब्द नवे नसतातच. 'न्हाई', 'हाय', 'कुटं' हे डोळ्यांना अनोळखी वाटतं, कानाला नाही. मोठ्यानं वाचलं की कोडं सुटतं. कृपा करून समासात 'शुद्ध रूप' लिहून घेऊ नका. त्यानं मूल एवढंच शिकतं की वाडीच्या कारभाऱ्याला मराठी येत नव्हतं. वर्गात आटपाडी, जत, सांगोला, माण भागातलं कुणी असेल तर संवाद त्याला वाचू द्या. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा त्या तासाला वर्गाचा मास्तर होतो.

आता राहिले ते शब्द, ज्यांच्यावर खरा वेळ घालवायचा: जे या वाडीच्या बाहेरही भेटतात, वर्तमानपत्रात, दुसऱ्या पुस्तकात, भाषणात. अमेरिकेतल्या इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर मांडलेत. रोजच्या बोलण्यातून आपोआप येणारे, नंतर अनेक विषयांत फिरणारे, आणि एखाद्या विषयापुरतेच असणारे. त्यांचं म्हणणं, वेळ मधल्या थरावर घालवा. मला हे पटतं.

'कारभारी' घ्या. वाडीतला हा कर्ता माणूस, त्याच्या संमतीशिवाय तिथे पान हलत नाही. तो डोळ्यांसमोर उभा राहिला की मग 'कारभार' काढा. 'पालिकेचा भोंगळ कारभार' हा मथळा मुलांनी पाहिलेला असतो. 'तालीम' बघा. मास्तरच्या पुढाकारानं वाडीत तालीम उभी राहते, तिच्यासाठी खुद्द औंधचे राजेसाहेब येतात. शहरातल्या मुलांना तालीम म्हणजे गॅदरिंगच्या नाटकाची तालीम. दोन्हीकडे घाम गाळून सराव आहे, हे त्यांचं त्यांनाच सापडू द्या.

एक शब्द जरा सावकाश घेतो. कादंबरीच्या शेवटी दुष्काळ पडतो. पाणी नाही, चारा नाही, माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. 'ओस पडणे' फळ्यावर लिहा. समोर 'रिकामे होणे' लिहिण्याचा मोह होईल, तो आवरा. त्याऐवजी विचारा: डबा ओस पडला, असं म्हणू का? मुलं हसतात. नाही. बाटली? नाही. बाजारपेठ? हो. लॉकडाऊनमधला रस्ता? हो, तो ओस पडला होता. परीक्षा संपल्यावरचा वर्ग? इथे वाद होतो, आणि वाद व्हायलाच हवा. कुणी म्हणतं हो, कुणी म्हणतं नाही, कारण जूनमध्ये मुलं परत येणारच आहेत. म्हणजे जिथे माणसांचा वावर होता आणि तो उठून गेला, तिथे 'ओस', हे त्यांनी स्वतः शोधलं. मग शेजारी 'ओसाड' ठेवा. ओसाड माळावर कधी कुणी राहत असेलच असं नाही. दहा मिनिटं गेली, पण एवढं शब्दार्थाच्या वहीत कुठून येणार?

शब्दकोशाचं एक दुखणं सांगून ठेवतो. मुलगा 'घोंगड्यात' असं वाचतो आणि कोशात तेच शोधतो. सापडत नाही. आधी प्रत्यय काढा, मग सामान्यरूपातून मूळ शब्दाकडे या: घोंगड्यात, घोंगड्या, घोंगडं. एवढं करून मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश किंवा दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडला, तर तिथे जुन्या वळणाचं 'घोंगडें', डोक्यावर अनुस्वार! इंग्रजी माध्यमाची मुलं इथे हमखास हात टेकतात. हे एकदा फळ्यावर करून दाखवलंत की 'बृहद्कोश'च्या संकेतस्थळावर त्यांचं ती शोधू लागतात. सामान्यरूप व्याकरणाच्या तासाला रडतखडत शिकलेलं असतं. इथे त्याची पहिल्यांदा गरज पडते.

चाचणी घ्यायचीच असेल तर 'अर्थ लिहा' नको. 'दादू बालट्यासारखा भांडकुदळ माणूस तुमच्या सोसायटीच्या सभेत आला तर काय होईल? फळ्यावरचे तीन शब्द वापरून लिहा.' वाचायला तुम्हालाही मजा येईल.

आणि हो, अमोल पालेकरांचा चित्रपट आहे, 1995 चा. आधी दाखवू नका, नाहीतर पुस्तक कुणी उघडणार नाही. शेवटचं प्रकरण झाल्यावर त्यातला एखादा प्रसंग आवाज बंद करून लावा. दोन-तीन मुलांना पडद्याशेजारी उभं करा आणि काय चाललंय ते त्यांना सांगू द्या. अडले तर लगेच शब्द पुरवू नका. बाकावरून कुणीतरी पुरवतंच.