व्हिएन्नातली पोरं वॉल्ट्झ का शिकतात?

नमस्कार मंडळी! बॉलरूम डान्स म्हटलं की आपल्याला आठवतात टीव्हीवरचे चमचमते सेलिब्रिटी. पण व्हिएन्नात पंधरा-सोळा वर्षांची पोरं शाळा सुटली की वॉल्ट्झच्या, म्हणजे जोडीने गिरक्या घेत करायच्या नाचाच्या, क्लासला जातात. का बरं?

‘परंपरा आहे म्हणून’ हे उत्तर पर्यटन खात्याला शोभतं. सोळाव्या वर्षी परंपरेसाठी घाम कोण गाळतो हो? तिथे हिवाळ्यात बॉलचा, म्हणजे नटूनथटून जायच्या नाचाच्या समारंभांचा, सीझन असतो. डॉक्टरांचा बॉल, कॉफीहाउसवाल्यांचा, मिठाईवाल्यांचासुद्धा! शाळेच्या शेवटच्या वर्षी तर मुलांचा स्वतःचाच बॉल. तारीख ठरलेली, अख्खा वर्ग जाणार. नाचता येत नसेल तर बसा कोपऱ्यात मोबाईल बघत.

आणि वॉल्ट्झ दिसतो तितका सोपा नाही. मिनिटाला साधारण 180 ठोके. सहा ठोक्यांत एक पूर्ण गिरकी. आपल्या दादऱ्याचं एक आवर्तन घ्या, धा धी ना, धा ती ना, तेवढ्यात जोडी गर्रकन फिरलेली. म्हणजे मिनिटाला 30 गिरक्या! त्यातली डावी गिरकी जास्त छळते. तिसऱ्या ठोक्याला मुलाचा डावा पाय उजव्यापुढून आडवा जातो, पुढच्या तीन ठोक्यांत तीच कसरत मुलीची. जरा चुकलं की बुटावर बूट. ऑपेरा हाउसमध्ये होणाऱ्या ऑपेरा बॉलच्या उद्घाटनाला पांढऱ्या गाऊनमध्ये आणि टेलकोटमध्ये उतरायचं, तर ही डावी गिरकी यायलाच हवी. मग पोरं हट्टाला पेटतात.

पण माझ्या मते खरी ओढ वेगळीच. त्या वयात आवडत्या माणसासमोर हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही. इथे ते नियमानेच ठरलेलं! एल्मायर ही तिथली नावाजलेली नृत्यशाळा. 1919 साली घोडदळातल्या एका माजी अधिकाऱ्याने काढली, तीही एका महालाच्या जुन्या तबेल्यात. तिथे पावलांबरोबर रीतभातही शिकवतात: नाचायला कसं विचारायचं, नाच संपल्यावर जोडीदाराला जागेवर कसं सोडायचं. लाजाळू पोरांना आणखी काय हवं?

खर्च मात्र होतो. गाऊन, टेलकोट, तिकीट. सगळ्यांना परवडतं असं नाही.

क्लास बुडवलेल्यांसाठीही सोय आहे बरं का. बॉलमध्ये मध्यरात्री क्वाड्रिल नावाचा सगळ्यांनी मिळून करायचा नाच सुरू होतो. समोरासमोर रांगा, एकजण माइकवरून हुकूम सोडतो, वेग वाढत जातो आणि थोड्याच वेळात कोण कुणाच्या रांगेत आहे याचा पत्ता नसतो. शिकलेले आणि न शिकलेले, दोघंही सारखेच चुकतात.