मोहन कुमार, राहणार मंड्या

[बँकॉक, रात्र. सुखुमवितची गल्ली]
गल्लीच्या तोंडाशी गाड्यांवर शेगड्या पेटल्यात, वर फ्लॅटच्या खिडक्या उजळल्यात. याच भागातल्या एका घरात १४ सप्टेंबर २००० ला पिझ्झा घेऊन आल्याची बतावणी करत मारेकरी शिरले. छोटा राजनचा साथीदार रोहित वर्मा ठार झाला. राजेंद्र सदाशिव निकाळजे, म्हणजे छोटा राजन, जखमी अवस्थेत खिडकीतून उडी टाकून वाचला.

[चेंबूर, टिळकनगर]
सहकार थिएटरबाहेर ब्लॅकने तिकिटं विकणारा इथलाच हा पोरगा. पुढे बडा राजनची टोळी, मग दाऊदची, मग दुबई. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर दाऊदशी फाटलं आणि मुक्काम हलला.

[हॉस्पिटलची इमारत, खालून वर]
दाराशी थाई पोलीस असताना तो इथूनही निसटला. चादरींच्या दोराची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण दोरानं माणूस चार मजले उतरतो. देश ओलांडायला दुसरंच काही लागतं.

[पासपोर्टचा अर्ज, जवळून]
हा अर्ज नीट बघा. तुमच्या-आमच्या नावातली वेलांटी चुकली तरी पुन्हा रांग. रेशनकार्ड आणा, झेरॉक्स काढा, साहेब जेवायला गेलेत, उद्या या. मग पोलीस ठाण्याची फेरी. आणि इथं? नाव मोहन कुमार. पत्ता मंड्या, कर्नाटक. १९९८-९९ च्या सुमारास बंगळुरूच्या पासपोर्ट कार्यालयात हा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत गेला, आणि मुंबई पोलिसांना हवा असलेल्या माणसाच्या हातात सरकारी पुस्तक पडलं. वर तीच राजमुद्रा, जी तुमच्या पासपोर्टवर आहे.

त्याच नावावर २००३ मध्ये तो पर्यटक म्हणून ऑस्ट्रेलियाला गेला. तिथं १२ वर्षं राहिला.

[पवई, पाऊस]
११ जून २०११. पत्रकार ज्योतिर्मय डे मोटारसायकलवरून घरी निघाले असताना त्यांचा खून झाला. या खुनासाठी राजनला २०१८ मध्ये जन्मठेप झाली.

[बाली, विमानतळ]
२५ ऑक्टोबर २०१५. सिडनीहून आलेलं विमान. राजनला इथं पकडलं, तेव्हाही जवळ पासपोर्ट होता मोहन कुमारचाच. १२ दिवसांनी तो दिल्लीत होता.

[पुन्हा अर्ज. सहीच्या जागेवर थांबा]
एप्रिल २०१७. बनावट पासपोर्टच्या खटल्यात राजनला सात वर्षं. आणि पासपोर्ट कार्यालयातल्या तिघा माजी कर्मचाऱ्यांनाही, प्रत्येकी सात.