बुस्केट्स करायचा तरी काय? एकदाच नीट सांगतो

नमस्कार मंडळी. कॅमेरा आज टेबलाकडे का वाकलाय, ते थोड्या वेळात कळेल. तोवर ही कमेंट बघा. ‘दादा, बार्सासाठी 722 मॅच आणि 18 गोल. एवढे तर आमच्या पेठेतला फुलबॅक मारतो. उगाच डोक्यावर घेताय.’ हिला लाइक किती पडलेत ते मी वाचून दाखवणार नाही, मला त्रास होतो. दुसरी कमेंट: ‘पळत नाही, हेडर नाही, ड्रिबल नाही. मेस्सीच्या जिवावर जगला.’ आणि डिसेंबर 2025 मध्ये मेस्सी वानखेडेवर येऊन गेला, सोबत त्याच्या अमेरिकेतल्या इंटर मायामी क्लबचे सुआरेझ आणि डी पॉल होते, तेव्हा निम्म्या लोकांनी विचारलं, मायामीचा बुस्केट्स का नाही आला? अहो, त्याच्या आदल्याच आठवड्यात, 6 डिसेंबरला, इंटर मायामीनं व्हँकुव्हरला 3-1 हरवून एमएलएस कप, म्हणजे अमेरिकेतल्या लीगचा कप, जिंकला आणि ती बुस्केट्सची शेवटची मॅच होती. सप्टेंबरमध्येच त्यानं सांगून ठेवलं होतं.

तर आज बुस्केट्स, बार्साचा म्हणजे बार्सिलोना क्लबचा मधल्या फळीतला खेळाडू.

माहितीचा भाग पटापट उरकतो, हे तुम्हाला कुठंही मिळेल. सर्जिओ बुस्केट्स, जन्म 16 जुलै 1988, गाव सबाडेल. वाढला बादिया देल वायेसमध्ये, बार्सिलोनाच्या बाहेरची कामगारवस्ती. ला मासियात, म्हणजे बार्साच्या अकादमीत, लहानपणापासून घडला असं लोक ठोकून देतात, तसं नाही. बार्साच्या युवा संघात तो 2005 मध्ये आला, म्हणजे मिसरूड फुटल्यावर. 2007-08 ला बार्सा बी संघ चौथ्या पातळीवर खेळत होता, तिथं कोच होता ग्वार्दिओला. पुढच्या वर्षी ग्वार्दिओला वर गेला आणि जाताना याला आणि पेद्रोला घेऊन गेला. 13 सप्टेंबर 2008, रासिंग सांतांदेरविरुद्ध कँप नऊवर लीगमधली पहिली मॅच. 2009 च्या मे महिन्यात लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही घरात. एकूण लीग 9, चॅम्पियन्स लीग 3, स्पेनकडून 143 मॅच, 2010 चा वर्ल्ड कप, 2012 ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा. झालं. विकिपीडिया संपला.

एक गोष्ट मात्र जाता जाता सांगतोच, कारण ही कुणी सांगत नाही. याचे वडील कार्लेस बुस्केट्स, तेही बार्साचे. गोलकीपर. क्रायफ बार्साचा कोच होता त्या काळातला माणूस, लांब पँट घालून खेळायचा. 1991 मध्ये कप विनर्स कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या एका स्पर्धेची, फायनल झाली, रॉटरडॅमला, समोर मँचेस्टर युनायटेड. नेहमीचा कीपर सुबिसारेता सस्पेंड, म्हणून वडील गोलमध्ये. मार्क ह्यूजनं दोन मारले, बार्सा 2-1 हरली. पोरगं तेव्हा तीन वर्षांचंसुद्धा नव्हतं. मोठा होऊन या पोरानं त्याच युनायटेडला चॅम्पियन्स लीगच्या दोन फायनलमध्ये हरवलं, 2009 ला रोममध्ये आणि 2011 ला वेम्बलीवर. उट्टं काढणं म्हणतात ते हे.

आता कामाचं. [टेबलावरचा कॅमेरा]

या कॅरमच्या सोंगट्या. काळ्या बार्साच्या, पांढऱ्या समोरच्या. बॉल म्हणून शेंगदाणा आहे, हसू नका. हे दोन स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, पिके आणि पुयोल. त्यांच्या पुढं, मधोमध, एकटा ठेवलाय तो बुस्केट्स. त्याच्या पुढं शावी आणि इनिएस्ता. बॉल पिकेकडं. पिके पास देणार बुस्केट्सला. आणि त्याच वेळी ही पांढरी सोंगटी बुस्केट्सच्या पाठीमागून निघालीय.

बहुतेकांना वाटतं, मिडफिल्डरचं काम बॉल आल्यावर सुरू होतं. मंडळी, बॉल आल्यावर काम सुरू केलंत तर वेळ संपलेली असते. मोठ्या लेव्हलला ही पांढरी सोंगटी एका सेकंदात अंगावर असते.

बुस्केट्स काय करायचा? पिके मान वर काढायच्या आत हा एकदा मागं बघून घ्यायचा. हे सगळ्या कोचिंग व्हिडिओत सांगतात, खांद्यावरून बघा, खांद्यावरून बघा. बरोबर आहे. पण अर्धवट आहे. पिकेनं पास मारला, शेंगदाणा वाटेत आहे, अजून पोचलेला नाही. त्या मधल्या वेळात बुस्केट्स पुन्हा एकदा मान वळवायचा. ही दुसरी नजर. अख्ख्या व्हिडिओतली हीच एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकी सोडून दिलं तरी चालेल. कारण पहिल्या नजरेत दिसलेली पांढरी सोंगटी आता तिथं नाहीच! पास निघाला म्हटल्यावर ती पळत सुटलीय. ती डावीकडून येतेय की उजवीकडून, हे फक्त बॉल वाटेत असतानाच कळतं.

आणि हे बघताना तो आडवा उभा असायचा. छाती पिकेकडं नाही, छाती टचलाइनकडं, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेकडं. म्हणजे एका बाजूला आपला गोल, दुसऱ्या बाजूला त्यांचा, दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यात. बॉल घ्यायचा तो लांबच्या पायानं. छाती पिकेकडं करून उभे राहिलात की बॉल परत पिकेलाच जाणार, दुसरा रस्ताच नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं साधं? या पोरांच्यात एकदा, मग बघू. मी रविवारी ग्राउंडवर पोरांना घेतो. त्यांना ‘मागं बघा’ म्हटलं की सगळी मान हलवतात. इतकी हलवतात की मानेचा डॉक्टर बोलवावा लागेल. मग मी पास अर्ध्या वाटेत असताना ओरडून विचारतो, ‘मागं कोण? टीशर्ट कुठल्या रंगाचा?’ गप्प. मान फिरली, डोळे फिरलेच नाहीत. एक चुणचुणीत पोरगी आहे, ती ‘निळा, उजवीकडून, सर’ म्हणते आणि बॉल डावीकडून काढून निघून जाते. तिला शिकवावं लागलं नाही, तिला थोरल्या भावांनी लहानपणापासून मागून लाथा घातल्यात.

आणि बाहेरून पालक ओरडत असतात, ‘मार लांब! बॉल सोड!’ आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅच बघत मोठा झालो, गॅलरीचा आवाज काय असतो मला सांगू नका. पण मधल्या पोरानं बॉल दाबून धरला, एक क्षण थांबलं, की ‘झोपलंय रे’ म्हणून शिट्ट्या. ते झोपलेलं नाही हो. ते समोरच्याला जवळ बोलावतंय.

हाच बुस्केट्सचा दुसरा धडा, आणि तो पुन्हा त्या दुसऱ्या नजरेवरच उभा आहे. मागचा माणूस उजवीकडून येतोय हे आधीच दिसलंय ना, मग घाई कशाला? येऊ दे. पास मारतोय असा पाय उचलायचा, समोरचा पाय घालतो, तेवढ्यात तळव्यानं बॉल मागं ओढायचा. तो माणूस गेला भलतीकडं, आणि तो जिथून आला तिथली जागा मोकळी. त्या जागेत शावी उभा. तुम्हाला वाटतं ही ट्रिक पायाची. पायात काही नाही. तो माणूस कुठून येणार ते माहीत नसताना तळव्यानं बॉल ओढून बघा, थेट त्याच्या पायात द्याल.

टीव्हीवर हे दिसत नाही, ही माझी जुनी तक्रार. कॅमेरा बॉलच्या मागं. बुस्केट्सचं निम्मं काम कॅमेरा पिकेवर असताना झालेलं असायचं. मग त्याच्याकडं बॉल येतो, एक टच, पास, आणि आपण म्हणतो, यात काय विशेष. त्यात ती हायलाइटची क्लिप, ढणढण म्युझिक, प्रत्येक पासवर झूम. झूम करता तिथंच घोळ होतो, आजूबाजूचे वीस जण कापले जातात! आणि गेम खेळणाऱ्यांनो, तुमच्याशी मी बोलतच नाही. ‘दादा, गेममध्ये त्याचा पेस बघा.’ बघितलाय. मान वळवायचं बटण आहे का तुमच्या गेममध्ये?

एका भावाचा प्रश्न चांगला होता, म्हणून घेतो: ‘त्याचा एक तरी असिस्ट सांगा जो लक्षात राहतो.’ सांगतो. असिस्ट म्हणजे गोलच्या आधीचा शेवटचा पास. 27 एप्रिल 2011, चॅम्पियन्स लीग सेमीफायनल, समोर रेआल माद्रिद, त्यांच्याच बर्नाबेऊ मैदानावर. मेस्सीनं बॉल बुस्केट्सला दिला, यानं नुसता पायाशी थांबवला, मेस्सी तोच बॉल घेऊन चार जणांना टाकून आत घुसला आणि गोल. असिस्ट: बुस्केट्स. बॉल फक्त थांबवल्याचा! आता त्याच भावाची खाली कमेंट येणार, ‘बघा, मी म्हटलं होतं ना.’ येऊ दे.

आणि तो साधुसंत होता असंही नाही. 2010 ला इटलीच्या इंटर मिलानविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलमध्ये त्यांच्या थिआगो मोत्ताचा हात लागला, हा तोंड धरून लोळला, मोत्ताला लाल कार्ड, आणि हा बोटांच्या फटीतून हळूच बघतोय रेफ्रीनं काय केलं ते. कॅमेऱ्यानं नेमकं ते पकडलं. चोरटेपणाच होता तो, मी बाजू घेणार नाही. तरी बार्सा दोन मॅचच्या बेरजेत 3-2 नं बाहेर गेलीच.

त्याच वर्षी वर्ल्ड कप. पहिल्याच मॅचला स्पेन स्वित्झर्लंडकडून 1-0 हरला आणि सगळं खापर मधल्या फळीवर. बुस्केट्स आणि शाबी आलोन्सो दोघं कशाला, एकाला बसवा. कोच देल बोस्के म्हातारा शांत माणूस, हलला नाही. उलट म्हणाला, मी आज खेळाडू असतो तर मला बुस्केट्ससारखं व्हायला आवडलं असतं. 11 जुलैला जोहान्सबर्गमध्ये कप हातात. त्या वर्षीच्या बॅलन डी’ओरचे, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचे, पहिले तीन: मेस्सी, इनिएस्ता, शावी. तिघेही बार्साचे, आणि तिघांनाही मागून बॉल पुरवणारा त्यात नाही.

आता उताराचा काळ, कारण ‘शेवटी तर एक्स्पोझ झाला’ ही कमेंट मला पाठ झालीय. चॅम्पियन्स लीगमध्ये बार्सा हरली: 2018 ला रोममध्ये 3-0, 2019 ला लिव्हरपूलच्या अँफिल्डवर 4-0, 2020 ला बायर्नकडून 8-2. तिन्हीत बुस्केट्स होता. वयानं पाय जड झाले, खरंय. पण परत सोंगट्यांकडं या. [टेबलावरचा कॅमेरा] ग्वार्दिओलाच्या वेळी या काळ्या सोंगट्या एकमेकींच्या किती जवळ होत्या बघा. बॉल गेला की पाच-सहा सेकंदांत चार जण तुटून पडायचे. बॉल निसटला तर कुठं निसटेल, हे बुस्केट्सनं आधीच हेरलेलं असायचं, म्हणून तो तिथं चालत पोचायचा. लोक म्हणायचे, नशीबवान आहे, बॉल याच्याकडंच येतो. तीच नजर हो, बॉल आपल्याकडं असताना जी, तीच बॉल गेल्यावर!

नंतरच्या बार्सात पुढचे तिघं पुढंच राहायला लागले, मागचे मागं. [सोंगट्या लांब सरकवतो] आता याच्या आजूबाजूला किती रान मोकळं पडलं? कुठं काय होणार हे दिसतंय, पण तिथपर्यंत पळायचं आहे तीस-चाळीस मीटर. नजर तीच, अंतर बदललं. पळणं हे त्याचं काम कधी नव्हतंच. मग 2022-23 ला शावी कोच, मधे चार जण, डी यॉंग शेजारी, गावी समोर, सोंगट्या परत जवळ. चौतिसाव्या वर्षी हा कॅप्टन, लीग जिंकली आणि अख्ख्या 38 मॅचमध्ये बार्सानं खाल्ले फक्त 20 गोल. वर्षभरात माणूस तरुण झाला का?

त्याच मोसमात, 2022 च्या कतारच्या वर्ल्ड कपला मोरोक्कोविरुद्ध त्याची पेनल्टी हुकली, स्पेन बाहेर, आणि त्यानं स्पेनची जर्सी कायमची उतरवून ठेवली. वाईट वाटलं. पण 2021 ची युरो आठवा. कोविडमुळं पहिल्या दोन मॅच बाहेर, मग स्लोव्हाकियाविरुद्ध परतला, 5-0, मॅन ऑफ द मॅच, आणि मॅचनंतर रडला. एवढ्या थंड डोक्याच्या माणसाला रडताना बघून मीही जरा इकडंतिकडं बघितलं.

‘आता त्याच्यासारखा कोण?’ रॉड्री. स्पेनमध्ये त्याचीच जागा घेतली, 2024 ची युरो आणि बॅलन डी’ओर दोन्ही घेतले. पण तो गोलही मारतो, म्हणून तुम्हाला आवडतो, माहितीय मला. गोव्याच्या ब्रँडन फर्नांडिसवर कधी, असं विचारताय, तो वेगळ्या जातीचा मिडफिल्डर आहे, पुढचा. त्याच्यावर स्वतंत्र करू.

आता गृहपाठ. 2011 ची वेम्बलीची फायनल शोधा, पूर्ण मॅच, हायलाइट नाही. पहिली दहा मिनिटं युनायटेड अंगावर येतंय, ती जाऊ द्या. त्यानंतर पाच मिनिटं बॉलकडं बघायचंच नाही, फक्त 16 नंबर, म्हणजे बुस्केट्स. फ्रेमबाहेर गेला तर थांबा, येतो परत. मान किती वेळा वळली ते मोजा आणि आकडा खाली टाका. ज्याला ‘पळत नाही’ लिहायचंय त्यानं आकडा टाकून मग लिहावं. शेंगदाणा मी खातो आता.