चित्राकडे बघू की हातांकडे?

(सुरुवातीला आवाज नाही. उजव्या हाताची बोटं वाकवून कॅमेऱ्यासमोर हळूहळू चालवायची. डाव्या हाताचं एक बोट त्याखाली उभं करायचं. मग बोलायला लागायचं.)

नमस्कार मंडळी. हे काय होतं ते पुढे कळेल. आधी माझी एक फजिती सांगतो.

माझा मावसभाऊ कर्णबधिर आहे. माझ्याहून मोठा, म्हणून आमचा दादा. एकदा त्याला समकालीन कलेच्या एका प्रदर्शनाला घेऊन गेलो. छताला जुन्या साड्यांच्या पट्ट्या टांगलेल्या, पंख्याच्या वाऱ्यावर हलत होत्या. गाईड अखंड बोलतोय, मी ऐकतोय आणि दादाला खुणा करून सांगतोय. पाच-दहा मिनिटांनी दादाने माझी दोन्ही मनगटं धरली आणि हात सरळ खाली केले. मोठा भाऊ 'गप्प बस' असंच सांगतो.

मला वाटलं, माझ्या खुणा कच्च्या आहेत. त्या आहेतच. पण घोळ वेगळा होता. माझे कान गाईडकडे आणि डोळे साड्यांकडे, दोन्ही एकाच वेळी. दादाला मात्र दोन्ही कामं डोळ्यांनीच करायची होती. माझे हात बघितले की साड्या गेल्या, साड्या बघितल्या की बोलणं गेलं.

म्हणून ऐकणाऱ्यांसाठी आखलेल्या टूरला एक दुभाषा जोडला, की झाली खुणांच्या भाषेतली टूर, असं होत नाही. लंडनचं टेट मॉडर्न किंवा न्यूयॉर्कचं व्हिटनी म्युझियम, इथे अशा टूर घेणारा मार्गदर्शक स्वतःच कर्णबधिर असतो. आणि टूरची चालच बदलते. आधी बघायचं. पोटभर. कुणी काही सांगत नाही. मग सगळे अर्धवर्तुळात उभे राहतात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात. मार्गदर्शक उजेडात थांबतो, पाठीमागे खिडकी घेत नाही. कारण चेहरा काळा पडला तर निम्मं वाक्य गेलं. या भाषांमध्ये चेहरा नुसते हावभाव करत नाही, व्याकरण सांभाळतो. हातांची खूण तीच, पण भुवया वर गेल्या की त्याचा हो-नाहीचा प्रश्न होतो. बोलणं झालं की पुन्हा कलाकृतीकडे वळायचं. तासाभरात कामं थोडीच बघून होतात. (खरं सांगू? मला अशी टूर ऐकणाऱ्यांसाठीही हवी आहे.)

आता तो सुरुवातीचा हात. तो कोळी होता. लुईज बुर्ज्वा या शिल्पकर्तीचं 'मामाँ' नावाचं शिल्प आहे, 1999 सालचं. 2000 साली टेट मॉडर्न उघडलं तेव्हा ते तिथल्या टर्बाइन हॉलमध्ये उभं होतं. पोलादाची कोळीण, नऊ मीटरहून उंच, पोटाखालच्या पिशवीत संगमरवरी अंडी. मामाँ म्हणजे फ्रेंचमध्ये आई. बुर्ज्वाची आई जुने विणलेले पडदे दुरुस्त करायची, म्हणून कोळीण.

हे मी तोंडाने सांगितलं, तर तुमच्या हाती एक आकडा लागला: नऊ मीटर. हातांनी सांगताना एक हातच कोळीण होतो, दुसरं बोट म्हणजे खाली उभा असलेला माणूस. (पुन्हा करून दाखवायचं, मान वर करत.) बोट किती बुटकं आहे आणि मान किती वर गेली, यातच उंची आली. भीती वाटतेय की आसरा, हे चेहऱ्यावर. खुणांच्या भाषांमध्ये हात असा वस्तूचा आकार घेतो आणि मग ती वस्तू हवेत फिरते, वाकते, पडते. शिल्पाबद्दल बोलायला याहून सोयीची भाषा मला तरी माहीत नाही.

अडतं कुठे? शब्दांवर. 'कन्सेप्च्युअल', म्हणजे वस्तूपेक्षा कल्पनेला महत्त्व देणारी कला, हा शब्द एकेक अक्षर बोटांनी लिहीत बसलं तर समोरचा जांभई देणार. व्हिटनीने यावर अमेरिकन साइन लँग्वेजमध्ये छोटे व्हिडिओ काढले, बोलणारे स्वतः कर्णबधिर. तिथे शिक्षक म्हणून काम केलेली कर्णबधिर क्रिस्टीन सन किम स्वतः कलाकार आहे. 2019 च्या व्हिटनी बिएनालेमध्ये, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनात, तिने कोळशाने काढलेले कोन लावले होते. रागाचे कोन! लघुकोनाएवढा राग, काटकोनाएवढा, असं करत पार पूर्ण कोनापर्यंत. या कोनांमागच्या तिच्या तक्रारींमध्ये एक अशी: दुभाष्याचे पैसे माझ्याच मानधनातून कापणं योग्य वाटणारे क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनं आखणारे. 2025 मध्ये त्याच म्युझियमने तिचं मोठं प्रदर्शन भरवलं.

आणि हो, व्हिटनीचे ते व्हिडिओ दादाला दाखवून उपयोग नाही. अमेरिकेची खुणांची भाषा वेगळी, ब्रिटनची वेगळी, आपली इंडियन साइन लँग्वेज आणखी वेगळी. अमेरिकेत बोटांची अक्षरं एका हाताने करतात, आपल्याकडे दोन्ही हातांनी. दिल्लीत 2015 साली या भाषेसाठी केंद्र सरकारची संस्था निघाली. तिचा कोश 2018 मध्ये 3,000 शब्दांचा होता, 2021 मध्ये 10,000 वर गेला. शब्द येतायत. पगारी कर्णबधिर मार्गदर्शक आपल्या गॅलऱ्यांमध्ये सहजी दिसत नाहीत. शिवाय व्हिडिओ आर्टच्या त्या अंधाऱ्या खोल्या! तिथे बोलायचं तर बाहेर यावं लागतं, नाहीतर हातांवर छोटा दिवा धरावा लागतो.

त्या दिवशी परत येताना बसमध्ये दादाला विचारलं, कसं वाटलं? त्याने मला जे करून दाखवलं त्याला माझ्याकडे मराठी शब्द नाही. गाईडकडेही नव्हता. बघा.

(दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर, बोटं सैल, खाली लोंबणारी. हळूच हलवायची. मग बोटांच्या फटीतून एक डोळा. आवाज बंद.)